पुढच्या चाकाचा ऐब

अब्बांच्या इंतकालानंतर आमच्या घरात वाटणीवरून भांडण झाले नाही, ही अल्लाहची मेहेरबानी. घर अम्मीकडे राहू द्यायचे हे सगळ्यांनी आधीच ठरवले होते. आंब्याची पंचवीस कलमे शरियतप्रमाणे वाटली गेली आणि आपाला तिचा हिस्सा तिच्या नावावर करून मिळाला. आमच्या मोहल्ल्यात असे दर घरात होतेच असे नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. कुरबूर झाली ती गाडीवरून.

ही गाडी म्हणजे 1952 सालची बेबी हिंदुस्तान. नव्या पिढीला हे नाव ठाऊक नसेल. इंग्लंडमध्ये मॉरिस मायनर नावाची जी छोटी गाडी 1948 साली निघाली, तीच हिंदुस्तान मोटर्सने आपल्याकडे या नावाने आणली. ॲम्बेसेडर त्यानंतर काही वर्षांनी आली. अब्बा जहाजावर इंजिनरूममध्ये नोकरीला होते. 1968 साली रजेवर आले असताना त्यांनी मुंबईच्या एका डॉक्टरांकडून ही गाडी विकत घेतली आणि स्वतः चालवत चिपळूणला आणली. आम्हा तिघा भावंडांचे बालपण तिच्या मागच्या सीटवर गेले. आपाची बिदाई याच गाडीतून झाली.

मी एस.टी.च्या वर्कशॉपात 31 वर्षे काढली आहेत, तेव्हा थोडे गाडीबद्दल सांगण्याचा मोह आवरत नाही. ही गाडी अलेक इसिगोनिस या माणसाने आखली. त्याचा जन्म 1906 सालचा, तुर्कस्तानातल्या आजच्या इझमिर शहरातला. 1922 मध्ये त्याच्या कुटुंबाला ते शहर सोडावे लागले आणि तो इंग्लंडला पोहोचला. पुढे जगभर गाजलेली मिनी गाडीही त्यानेच केली. बेबीच्या नमुन्याची गाडी तयार झाल्यावर ती त्याला अरुंद वाटली. त्याने ती मधोमध उभी कापून घेतली, दोन्ही अर्ध सरकवून बघितले आणि शेवटी 4 इंच रुंदी वाढवली. बॉनेटच्या मधोमध जो सपाट पट्टा दिसतो, तो त्या 4 इंचांचा. अब्बा हा किस्सा प्रत्येक पाहुण्याला सांगत आणि पट्ट्यावर बोट ठेवून दाखवत.

याच माणसाने गाडीच्या पुढच्या भागात पाटे घातले नाहीत. पाट्यांऐवजी दोन लांब पोलादी दांडे चेसिसच्या कडेने मागे गेले आहेत. चाक खड्ड्यात गेले की दांडा पिळला जातो आणि परत सुटतो, तीच स्प्रिंग. दांड्याचे पुढचे टोक खालच्या आर्ममध्ये बसते. वरचा आर्म म्हणजे शॉकॉबचाच हात. या दोहोंच्या मध्ये एक उभी पिन असते. आपले मेकॅनिक तिला किंगपिन म्हणतात. स्टिअरिंग फिरवले की चाक या पिनसकट फिरते. पिनच्या वर आणि खाली आटे पाडलेले असतात आणि त्या आट्यांवर नटासारखा दिसणारा एक जाड तुकडा फिरतो. त्याला ट्रनियन म्हणतात. दोन बाजूंचे आटे परस्परविरुद्ध, एकीकडचा सुलटा तर दुसरीकडचा उलटा.

आता मुद्द्याची गोष्ट. गाडीचे वजन खालच्या आर्मला खाली दाबते, रस्ता चाकाला वर ढकलतो. म्हणजे खालचा ट्रनियन पिनवरून ओढून काढण्याचा प्रयत्न ते वजन अखंड करत असते. त्या कोपऱ्यातले सगळे ओझे केवळ आट्यांवर टांगलेले आहे. आटे शाबूत तोवर काहीच बिघडत नाही. आटे झिजले की एक दिवस ट्रनियन पिनवरून सुटतो, चाक आडवे होऊन मडगार्डखाली दुमडते आणि गाडी नाकावर बसते. जगभर या मॉडेलची ही जुनी खोड आहे. बहुतेक वेळा असे घडते सावकाश वळताना, स्टिअरिंग पूर्ण कापलेले असताना, म्हणून माणसे वाचतात. पण घाटातले वळणही सावकाशच घेतात, आणि तिथे एका बाजूला दरी असते.

यावर उपाय एकच, ग्रीस. तेही चाक जमिनीवर असताना नाही. गाडी जॅकवर उचलून चाक अधांतरी केले तरच ग्रीस आट्यांच्या भार झेलणाऱ्या बाजूला शिरते. अब्बांना हे पक्के ठाऊक होते. जहाजावरच्या सवयीने ते एका वहीत तारीख, मैल आणि "पुढे ग्रीस" असे लिहून ठेवत. वहीतली शेवटची नोंद मार्च 2017 ची आहे. त्यानंतर त्यांचे हात थरथरू लागले आणि गाडी जुम्याला मशिदीपर्यंत जाऊन येण्यापुरती उरली. मग 22 जुलै 2021 चा तो वाशिष्ठीचा पूर आला. शेडमध्ये पाणी बॉनेटपर्यंत चढले. तीन दिवसांनी गाळ काढला तेव्हा अब्बा खुर्ची टाकून बसले आणि इंजिनचे तेल त्यांनी डोळ्यांदेखत तीन वेळा बदलून घेतले. इंजिन सुरू झाले, त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले. पुढच्या वर्षी ते गेले.

2021 मध्ये केंद्र सरकारने 50 वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीची सोय केली. त्यामुळे की काय, अशा गाड्या शोधत फिरणारे लोक आमच्या दारापर्यंत आले. अम्मी म्हणाली, "शेडात गंजून मरण्यापेक्षा कुणाच्या कामाला येऊ दे." कराडचे एक गृहस्थ आले. वयस्कर, बोलायला सभ्य, मुलगा आणि नातू बरोबर. त्यांनी आपला मेकॅनिक आणला होता. त्याने इंजिनचा आवाज ऐकला, खालून गंज पाहिला, गल्लीत एक चक्कर मारली. सौदा 2 लाख 40 हजारांवर ठरला. 10 हजार बयाना देऊन गेले. येत्या रविवारी सगळे कुटुंब येईल आणि गाडी चालवतच कुंभार्ली घाटाने कराडला नेऊ, असे ठरले. नातवाला आजोबांच्या शेजारी बसून घाट चढायचा होता.

शुक्रवारी मी धुण्यासाठी गाडी शेडमधून मागे घेतली. स्टिअरिंग पूर्ण कापले आणि डाव्या बाजूने "खट्" असा आवाज आला. एकदाच. ज्याने आयुष्यभर गाड्यांखाली डोके घातले आहे, त्याला असा आवाज ऐकल्यावर झोप येत नाही.

असरनंतर मी धाकट्या भावाला बोलावून घेतले. चेसिसखाली जॅक लावून डावे चाक उचलले आणि वर-खाली धरून हलवले. चाक हलत होते. ते बेअरिंगमुळेही हलू शकते, म्हणून भावाला सीटवर बसवून ब्रेक दाबायला सांगितला. ब्रेक दाबला की ड्रम आणि मागची प्लेट एक होतात. तरीही चाक हलले तर दोष बेअरिंगचा नाही, पिनचा. भाची टॉर्च घेऊन खाली आडवी झाली. ती पॉलिटेक्निकला मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि या गाडीवर तिचा आमच्यापेक्षा जास्त जीव. मी चाक हलवले.

"मामू, पिन ट्रनियनच्या आत हलतेय," ती खालून म्हणाली. "उघड दिसतंय."

भाऊ गाडीतून उतरला. त्याचे म्हणणे मी इथे प्रामाणिकपणे देतो, कारण तो वाईट माणूस नाही. त्याच्या मुलाची हॉस्टेलची फी पुढच्या दहा तारखेपर्यंत भरायची होती आणि गाडीच्या पैशांवर त्याने हिशेब बांधला होता. तो म्हणाला, "भाई, त्यांनी मेकॅनिक आणून बघितलीय. 70 वर्षांची गाडी आहे, नवी म्हणून विकत नाही आपण. आहे तशी घेतलीय त्यांनी. तुम्ही नसते तर हा आवाज कुणाला ऐकू आला असता?"

मी म्हटले, "पण मला आला ना."

रात्री अम्मीच्या खोलीत बसलो. आपालाही बोलावले. हिशेब कागदावर मांडला. 2 लाख 40 हजारांत अम्मीचा आठवा हिस्सा 30 हजार. उरलेले 2 लाख 10 हजार. त्यात दोघा भावांना प्रत्येकी 84 हजार आणि आपाला 42 हजार. दोन्ही बाजूंचे खालचे ट्रनियन, डावीकडची पिन, रबरी बुश, वायसर असे सगळे इंग्लंडहून मागवायचे तर वाहतूक आणि कस्टमसह साधारण 24 हजार लागणार होते. तो खर्च गाडीतूनच वजा केला तर आम्हा भावांचे प्रत्येकी 8 हजार 400 जाणार, आपाचे 4 हजार 200, अम्मीचे 3 हजार. शिवाय माल येईपर्यंत महिना जाणार.

भाऊ म्हणाला, "निदान ठरलेल्या किमतीतून थोडे कमी करून त्यांनाच दुरुस्त करू दे."

हा पर्याय चुकीचा नव्हता. ऐब सांगून किंमत कमी करणे हा सचोटीचाच व्यवहार. पण मला माणसांचा अनुभव आहे. जुनी गाडी हौसेने घेणारा माणूस "पुढे बघू" म्हणतो आणि रविवारी घाटाला लागतो. मी तसे बोलून दाखवले. आपा तोपर्यंत गप्प होती. ती म्हणाली, "माझे 4 हजार कापा. बाकी तुमचं तुम्ही बघा." अम्मीने एवढेच सांगितले, "आधी त्या माणसाला फोन लाव. रात्र झाली असली तरी लाव."

मी फोन केला. सगळे सांगितले, वळताना काय होऊ शकते तेही. पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्यांनी विचारले, "तुमचे वडील याच गाडीत बसत होते ना?" मी हो म्हटले. ते म्हणाले, "तुम्हीच दुरुस्त करा. महिना थांबतो. बयाना राहू द्या." किमतीबद्दल त्यांनी काही म्हटले नाही, मीही काढले नाही. दुसऱ्या दिवशी अम्मीने आपल्या साठवणीतून 40 हजार काढून भावाच्या हातात ठेवले, उसने म्हणून, तारीख लिहून. तो ते घेऊन न बोलता गेला.

चेसिस नंबर कळवून माल मागवला, तो 23 दिवसांनी आला. त्याआधीच आम्ही उघडायला सुरुवात केली होती. ज्यांच्या घरी अशी गाडी असेल त्यांच्यासाठी क्रम थोडा सविस्तर लिहितो. इतरांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल.

आधी आठवडाभर सगळ्या नट-बोल्टांवर रोज गंज सोडवणारे तेल मारायचे. घाई करणारा माणूस इथेच बोल्ट तोडतो. मग मागच्या चाकांना ओट लावून पुढची बाजू उचलायची आणि चेसिसखाली भक्कम लोखंडी घोडी द्यायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. मी वर्कशॉपात याचे परिणाम पाहिलेत. चाक काढले, ड्रम काढला, ब्रेकचा होज सोडून त्याच्या तोंडात बूच घातले. टायरॉड एंडचा नट काढला. तो निमुळता असल्याने नट काढूनही सुटत नाही. आर्मच्या डोळ्याला एका बाजूने जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने नेमका टोला द्यायचा, म्हणजे डोळा क्षणभर लांबतो आणि एंड टपकन निसटतो. चौथ्या टोल्याला निसटला. भाचीने तो आवाज पहिल्यांदाच ऐकला होता, ती दचकली आणि मग हसली.

यानंतरचे काम धोक्याचे. तो लांब दांडा पिळलेला असतो आणि त्यात ताकद साठलेली असते. खालच्या आर्मखाली जॅक लावून तो किंचित उचलून धरायचा. मगच वरच्या ट्रनियनची पिन शॉकॉबच्या हातातून सोडवायची. मग जॅक अगदी सावकाश खाली सोडत जायचा. आर्म खाली खाली येतो, दांडा सैल होतो, आणि एका क्षणी जॅक खाली गेला तरी आर्म त्याच्या मागे येत नाही. तिथे ताण संपला. हे होईपर्यंत समोर कुणी उभे राहायचे नाही. भाची पुढे वाकून बघत होती. तिला मी ओरडून मागे घेतले. भाचीला मी ओरडलो असे आजवर फार वेळा झालेले नाही.

ताण गेल्यावर बाकीचे सोपे. पुढे चेसिसला जाणारा टायबार सोडवला, खालच्या आर्मचा पुढचा अर्धा भाग वेगळा केला आणि पिन ट्रनियनसकट हातात आली. सगळे मिळून एवढेसे, पण उचलताना मनगटाला वजन जाणवते. ग्रीस होते, पण काळे आणि वाळूने भरलेले. पुराचा बारीक गाळ त्यात मिसळून व्हॉल्व घासायच्या पेस्टसारखा लगदा झाला होता. नव्या ग्रीसने तो बाहेर न येता आत दाबला गेला असता.

त्याच वेळी भाऊ आला. दुकान बंद करून आला होता, अम्मीने डबा दिला होता तो घेऊन. मी काही बोललो नाही. आधी उजव्या बाजूचा ट्रनियन डिझेलने धुऊन त्याच्या हातात दिला. त्यात आटे होते, धार गेलेले पण होते. मग डावा धुतला, पिनही पुसून कोरडी केली, ट्रनियन पिनवर फिरवून पूर्ण चढवला आणि म्हटले, "न फिरवता नुसता ओढ."

त्याने एका हाताने पिन धरली, दुसऱ्याने ट्रनियन, आणि जरा तिरके करून ओढले. अर्ध्यापर्यंत तो एकही वळसा न घेता सरकला. टोकाशी दोन-तीन आट्यांत अडकला. त्या दोन-तीन आट्यांवर गाडी उभी होती. तो त्या ओट्यावरच बसला. थोड्या वेळाने त्याने ट्रनियन परत चढवला आणि परत ओढला. मग म्हणाला, "अब्बांना दर जुम्याला मीच घेऊन जात होतो यातून. शेवटच्या वर्षी."

डबा तसाच राहिला. जेवण आम्ही मगरीबनंतर केले.

पुढच्या दोन जुम्यांना तो दुकान लवकर बंद करून आला. त्याला गाड्यांचे काही कळत नाही, पण घासकाम त्याने मनापासून केले. नवा ट्रनियन पिनवर पूर्ण चढवून मग थोडा मागे घ्यावा लागतो, नाहीतर स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळत नाही. ते माप भाचीने चॉकने खूण करून बसवले. रबरी बुशचे नट आधी हलकेच लावून ठेवले आणि गाडी चारी चाकांवर उभी राहिल्यावरच पक्के आवळले. अधांतरी आवळले तर रबर कायम पिळलेले राहते आणि वर्षात फाटते. ब्रेकची हवा काढली, पुढच्या चाकांची अलाइनमेंट बाजारातल्या एका गॅरेजात करून घेतली. परत येताना भाऊ शेजारी बसला होता. बहादूरशेख नाक्याच्या वळणावर त्याने खिडकीतून मान काढून डावे चाक पाहिले. मी पाहिले न पाहिल्यासारखे केले.

कराडचे कुटुंब ठरल्याप्रमाणे आले. मी त्या गृहस्थांना झिजलेले तुकडे दाखवले, बिल दाखवले. त्यांनी बिलातले अर्धे पैसे वेगळे मोजून दिले. मी नको म्हणत होतो. "मालाची किंमत तुम्ही ठरवली, माझ्या नातवाची मी ठरवतो," असे म्हणून त्यांनी नोटा अम्मीसमोर ठेवल्या. अब्बांची वहीही आम्ही त्यांना दिली. त्याबद्दल आपा जरा नाराज होती, म्हणून तिच्या मुलीने सगळ्या पानांचे फोटो काढून घेतले. शेवटच्या नोंदीखाली तिने त्या दिवशीची तारीख, मैल आणि "पुढे ग्रीस" असे लिहिले आहे.

पुढे मी मोटारसायकलवर पोफळीपर्यंत त्यांच्या मागे गेलो. घाट सुरू होतो तिथे त्यांनी हात केला, मी थांबलो. दोन तासांनी कराडहून फोन आला, व्यवस्थित पोहोचलो म्हणून.

त्या आठवड्यात वाटणी केली. खर्च 24 हजार, त्यातले 12 हजार परत आलेले. म्हणजे वाटायला 2 लाख 28 हजार. अम्मीला 28 हजार 500, आम्हा भावांना 79 हजार 800, आपाला 39 हजार 900. भावाने अम्मीचे 40 हजार तिथेच मोजून परत केले. जुने तुकडे मी भंगारात टाकायला काढले होते, त्यातला डावा ट्रनियन तो घेऊन गेला. दुकानात गल्ल्याजवळ ठेवलाय. गिऱ्हाईक विचारते हे काय आहे, तर तो पिनही नसताना हातांनी ओढून दाखवतो आणि चुकीचे काहीतरी सांगतो. मी दोनदा समजावले, पण त्याला अजून उलटा आणि सुलटा आटा कळत नाही.